न आलेल्या घड्याळाचा सट्टा

खान्देशात सध्या एक वाद दोन्ही बाजूंनी चुकीचा घातला जातोय. विषय आहे अजून बाजारात न आलेल्या वस्तूंचा. अ‍ॅपलचं पुढचं घड्याळ कसं असेल, त्यात बीपी कळेल की शुगर, सॅमसंगची पुढची अंगठी काय काय मोजेल, घडीचा आयफोन खरंच येतोय का, चष्म्यातला कॅमेरा कसा असेल. जळगावच्या गोलाणी मार्केटपासून शहाद्याच्या चहाच्या टपरीपर्यंत पोरं यावर तासन्‌तास बोलतात आणि त्यावरून घरी बोलणी खातात. ज्येष्ठांचं म्हणणं, खिशात दमडी नाही आणि गप्पा लाखाच्या. पोरांचं म्हणणं, तुम्ही विधानसभेच्या तिकिटांवर पैजा लावता तेव्हा आम्ही काही बोलतो का? दोन्ही बाजूंनी हा प्रश्न वेळेचा करून टाकलाय: वेळ वाया जातो की नाही जात. मला वेळेची फारशी फिकीर नाही, आपल्याकडे तो मुबलक आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. अंदाज चुकला तर भुर्दंड कोण भरतो? तर्क लढवायला माझी हरकत नाही. पण चुकल्यावर तर्क करणाऱ्याचा एक पैसाही जात नाही आणि ऐकणाऱ्याचे मात्र जातात, असा तर्काचा धंदा आता उभा राहिलाय. तो धंदा घड्याळाच्या रंगावरून रोग्याच्या रक्तापर्यंत पोचतो, तेव्हा त्याला करमणूक म्हणून सोडून देता येत नाही.

ज्येष्ठांचा आक्षेप आधी निकालात काढू, कारण तो सरळसरळ विस्मरणातून आलाय. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि खान्देश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध कधी संपेल, कोण जिंकेल, जहाज कुठवर आलं, या एकेका वार्तेवर मुंबईत भाव हलत होते. हातात कापूस नसलेली माणसं न पिकलेल्या कापसाचे सौदे करत होती. पुढे बॅक बेच्या न बुजवलेल्या समुद्राचेही शेअर विकले गेले. १८६५ मध्ये युद्ध संपल्याची बातमी थडकली, भाव कोसळले आणि १ जुलैला वायद्यांची मुदत भरली तेव्हा पेढ्यांमागून पेढ्या बसल्या. इतकं मागे जायचं नसेल तर मटक्याचा उगम बघा. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते-बंद होते भाव तारेने मुंबईत येत आणि त्या आकड्यांवर लोक पैसे लावत. तो आकडा येणं बंद झाल्यावर मडक्यातून चिठ्ठ्या काढायला सुरुवात झाली. आणि चेतक स्कूटरला नंबर लावून वर्षानुवर्षं तिच्या रंगाची चर्चा करणारी पिढी कोणती? आजच्या पोरांना नावं ठेवणारीच. न आलेल्या वस्तूवर बोलणं हे व्यसन असेल तर ते वारशात आलंय.

त्या जुन्या सट्ट्याची एक बाजू मात्र ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १८६५ च्या पडझडीत सट्ट्याचा मेरुमणी असलेले प्रेमचंद रायचंदही बुडाले. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर ज्यांच्या देणगीतून झाला ते हेच. ज्याने भाव फुगवला त्याच्याही अंगावर तो कोसळला. बाजार क्रूर होता, पण हिशेब दोघांचाही होत होता. आजचा अफवेचा व्यापारी असा कधी बुडाल्याचं ऐकलंय का कुणी?

तरुणांची बाजू इतक्या सहज झटकता येणार नाही. त्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा गरिबीतून येतो, चैनीतून नाही. ज्याला घड्याळ किंवा फोन चार-पाच वर्षांतून एकदाच घेता येतो, त्याने पुढे काय येतंय याची चौकशी केलीच पाहिजे. नवं मॉडेल आलं की जुन्याची किंमत उतरते, हे कळूनही ऑगस्टमध्ये पूर्ण भावाने घेणारा शहाणा कसा? दुसरं, हे अंदाज हवेतले नसतात. भारतात स्मार्ट घड्याळ विकायचं तर भारतीय मानक ब्यूरोकडे नोंदणी लागते आणि कंपनीने तोंड उघडायच्या आधी मॉडेल क्रमांक तिथल्या यादीत झळकतो. पेटंटचे अर्ज साधारण अठरा महिन्यांनी जाहीर होतात. कव्हर बनवणाऱ्यांना मापं आधी लागतात. चाचणीच्या सॉफ्टवेअरमध्ये न आलेल्या सोयींची नावं सापडतात. बातमीदार मार्क गुरमन किंवा विश्लेषक मिंग-ची कुओ यांच्यासारखी माणसं वर्षानुवर्षं हेच काम करतात आणि पुष्कळदा बरोबर ठरतात. तिसरा मुद्दा मला स्वतःला मनापासून पटतो. फैजपूरला इंजिनिअरिंग शिकणारा मुलगा एवढ्याशा डबीत मोठी बॅटरी बसेल की सेन्सर, अ‍ॅल्युमिनियम घेतलं तर वजन किती वाचेल, यावर भांडतो तेव्हा तो पुस्तकातलं विज्ञान पहिल्यांदा वापरत असतो. त्याला गप्प बसवणाऱ्याने शिक्षणावर भाषण देऊ नये.

आता उलट बाजू. थांबण्यातलं शहाणपण मान्य, पण त्यासाठी अफवा लागते कुठे? कॅलेंडर पुरतं. २०१६ पासून अ‍ॅपलचं नवं घड्याळ दर सप्टेंबरात जाहीर होत आलंय. आपल्याकडे कापसाच्या पहिल्या वेचणीचा पैसा दसरा-दिवाळीच्या सुमाराला हातात येतो, तोवर नवं मॉडेल दुकानात येऊन जुन्याचा भाव खाली आलेलाच असतो. म्हणजे शेतकऱ्याच्या पोराचं खरेदीचं वेळापत्रक आपसूकच बरोबर बसतं. त्याला फेब्रुवारीपासून रोज रात्री व्हिडिओ बघून मिळणारी जादा माहिती कोणती? ‘येणार आहे’ एवढी खात्रीची गोष्ट त्याला आधीच ठाऊक असते. उरतं ते ‘कसं’, आणि तिथेच हे अंदाज सपशेल आपटतात. २०१४ मध्ये घड्याळ जाहीर होईपर्यंत सगळं जग त्याला आयवॉच म्हणत होतं, आलं ते अ‍ॅपल वॉच. २०२१ मध्ये सातव्या मालिकेच्या कडा सपाट असणार म्हणून सगळीकडे चित्रं फिरली, ‘कारखान्यातून फुटलेली मापं’ म्हणून मिरवली गेली. सप्टेंबरात कडा गोलच निघाल्या. दशकपूर्तीच्या घड्याळाला चुंबकाचे पट्टे येणार होते. २०२४ मध्ये दहावी मालिका जुन्याच पट्ट्यांवर आली. अ‍ॅपलच्या मोटारीवर तर जगाने दहा वर्षं चर्चा केली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तो प्रकल्प गुंडाळल्याची बातमी आली. अफवांचं सोडा, खुद्द कंपनीने सप्टेंबर २०१७ मध्ये मंचावर दाखवलेली एअरपॉवर नावाची चार्जिंगची गादी मार्च २०१९ मध्ये रद्द झाली. कंपनीने स्वतः जाहीर केलेलं जिथे येत नाही, तिथे तिच्या कंत्राटदाराच्या मेहुण्याने पाहिलेलं काय धरून बसायचं?

मोठ्या अंदाजकर्त्यांचा बचाव असा की दिशा तर बरोबर होती. बीपीचंच घ्या. कित्येक वर्षं ऐकत होतो की मनगटावर बीपी मोजलं जाणार. २०२५ च्या सप्टेंबरात अ‍ॅपलने त्या दिशेचं काहीतरी आणलं, पण ते म्हणजे ३० दिवसांच्या नोंदी पाहून ‘तुम्हाला उच्च रक्तदाब असण्याची शक्यता आहे, तपासून घ्या’ असं सांगणारी सूचना. वरचा आकडा नाही, खालचा आकडा नाही. अफवा खरी ठरली म्हणायची की खोटी? बोलणारा तिला खरीत जमा करतो. भुसावळचे बीपीच्या गोळ्या घेणारे काका, ज्यांनी दंडाला पट्टा गुंडाळायचं मशीन घेणं याच आशेवर लांबवलं, ते कुठे जमा करतील?

मला इथे भेंडवळ आठवतं. आपल्या सीमेला लागून, बुलढाण्याच्या जळगाव जामोद तालुक्यात. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, संध्याकाळी शेतात घट मांडतात: अठरा धान्यांचं रिंगण, मध्ये घागर, पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, पापड, कुरडई, विड्याचं पान. रात्रभर तिकडे कुणी फिरकत नाही आणि पहाटे त्यात झालेले बदल वाचून पाऊस, पीक, राजकारण सगळ्याचं भाकीत जाहीर होतं. अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी त्यावर टीका केली ती योग्यच केली. ढेकूळ किती विरघळलं यावरून जुलैचा पाऊस कळत नाही. पण त्या भाकिताला एक लाज आहे. ते वर्षातून एकदा, ठरल्या दिवशी, चारचौघांत होतं, आणि दिवाळीला शेतकरी ‘भेंडवळनं काय सांगितलं होतं’ हे काढून दाखवतो. आमच्याकडचे सुशिक्षित भेंडवळला हसतात, आणि त्याच रात्री कुठल्याशा धूसर फोटोतल्या बटणाच्या जागेवरून पुढच्या घड्याळाचा संपूर्ण स्वभाव वाचतात. त्यातला भेंडवळपेक्षा जास्त वैज्ञानिक भाग नेमका कोणता, हे मला कुणीतरी समजावून सांगावं. मॉडेल क्रमांकाची नोंद हा पुरावा आहे, मान्य. त्यावरून ‘आता शुगर कळणार’ हे ढेकूळच.

भुर्दंडाचं बोलायचं तर गोलाणीतल्या एखाद्या लहान दुकानात संध्याकाळी अर्धा तास उभं राहावं. धरणगावकडचा एक मुलगा दोन घड्याळं काउंटरवर काढून घेतो, मनगटावर लावतो, पट्टा सैल करतो, घट्ट करतो. मग स्वतःचा फोन काढतो, व्हिडिओ लावून दुकानदारासमोर धरतो आणि म्हणतो, “भो, नवीन येई राहिनं ना, मंग हाई कसाले लेवानं?” दुकानदार वाद घालत नाही. डबीवरची बोटांची छाप फडक्याने पुसतो आणि ती मागच्या फळीवर, धूळ बसलेल्या तिच्या भावंडांशेजारी ठेवतो. तो माल त्याने उधारीवर उचललाय. पुढच्या महिन्यात त्याचा वितरक पैसे मागणार आहे, व्हिडिओवाला मागणार नाही. अमेरिकेत तर अख्खी कंपनी अशी बुडाल्याचा दाखला देतात. ऑसबोर्नने १९८१ मध्ये उचलून नेता येणारा संगणक काढला, तो तडाखेबंद खपला आणि १९८३ मध्ये पुढच्या मॉडेलची वाच्यता वेळेआधी झाली. दुकानदारांनी चालू मॉडेलच्या मागण्या थांबवल्या आणि त्याच वर्षी दिवाळं निघालं. दिवाळखोरीला इतरही कारणं होती हे खरं, पण त्यानंतर मोठ्या कंपन्या गुपितं जपायला शिकल्या त्या उगाच नाही. लहान दुकानदाराला जपायला गुपितही नाही.

आणि हा फक्त घड्याळाचा रोग नाही. २०२२ च्या पहिल्या सहामाहीत कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. पुढच्या हंगामात ‘थांबा, बारा हजार होणार’ असं सांगणारे व्हिडिओ गावोगाव फिरले. लोकांनी कापूस घरात भरला. ओटी भरली, माळा भरला, झोपायच्या खोलीत कापूस, अंगाला खाज, लेकरांच्या अंगावर पुरळ. भाव उलट सात-आठ हजारांच्या आसपास आला. त्या व्हिडिओवाल्यांपैकी कुणी शेतकऱ्याच्या वजनातल्या घटीचे पैसे भरून दिले? ते तोवर कांद्याच्या भावावर बोलायला लागले होते. ‘थांबा, भाव वाढेल’ आणि ‘थांबा, नवीन येतंय’ ही एकाच दुकानातली दोन वाक्यं आहेत.

तरीही घड्याळाचा रंग, कडा, पट्टा यापुरतं हे राहिलं असतं तर मी हा लेख लिहिला नसता. दुकानदाराचं नुकसान होतं, ते तो दिवाळीला भरून काढतो. माझा खरा राग शुगरवर आहे. सुई न टोचता मनगटावरून रक्तातली साखर मोजायची, हे स्वप्न अ‍ॅपल फार वर्षं पाहतंय, त्याच्या बातम्या निदान २०१७ पासून येताहेत. इतरही कंपन्या पाहताहेत. जमलेलं कुणालाच नाही. कारण सोपं आहे: साखर प्रकाशाला जो प्रतिसाद देते तो फार क्षीण असतो आणि पाणी, प्रथिनं, चरबी, त्वचेचा रंग, घाम यांचा गोंगाट त्याच्या कितीतरी पट मोठा. आज दंडाला चिकटवायचे जे सेन्सर मिळतात त्यांचीही केसासारखी बारीक तार त्वचेखाली जातेच. पण ‘पुढच्या घड्याळात शुगर येणार’ हे वाक्य दरवर्षी फिरतं, आणि वर्षानुवर्षं ऐकून माणसाला वाटायला लागतं की आता आलंच असेल. मग दीड-दोन हजारांचं, डबीवर साखरेच्या थेंबाचं चित्र असलेलं घड्याळ समोर येतं तेव्हा संशय येत नाही. अफवा स्वतः लबाड नसेलही, पण खोट्या मालासाठी जमीन ती नांगरून ठेवते. २०१६ मध्ये २५१ रुपयांच्या स्मार्टफोनसाठी लोकांनी वेबसाइट बंद पडेपर्यंत नोंदणी केली, ती काय एका रात्रीत आलेल्या भाबडेपणातून? त्याआधी पाच वर्षं सरकारपासून सगळे ‘जगातला सर्वांत स्वस्त’ टॅब्लेट आणि फोन यांच्याच गोष्टी सांगत होते.

असं एक घड्याळ, कंपनीचं नाव नको, मी केळ्याला बांधून पाहिलं. आपल्याकडे केळ्याला काय तोटा. रावेरची फणी, वरचं एक केळं, पट्टा शेवटच्या भोकात. मागचा हिरवा दिवा लुकलुकला, थोडा विचार केला आणि आकडे आले: नाडी ७८, ऑक्सिजन ९७, शुगरही नॉर्मल. जळगावच्या केळ्याला २०१६ पासून जीआय मानांकन आहे, तेव्हा प्रकृती ठणठणीत असायचीच. विनोद सोडला तर यात चमत्कार काही नाही. सेन्सर प्रकाश फेकतो, परत आलेल्या प्रकाशातला चढउतार मोजतो, आणि नाडी सापडली नाही तर ‘सापडली नाही’ म्हणायचा प्रामाणिकपणा स्वस्त सॉफ्टवेअरमध्ये घातलेला नसतो. साखरेचा आकडा तर कशावरूनच मोजलेला नव्हता. डबीच्या तळाशी मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं की हे वैद्यकीय वापरासाठी नाही. एप्रिल २०२० पासून आपल्याकडे सगळी वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याच्या कक्षेत आली, त्या कायद्याला वळसा घालायला एवढी एक ओळ त्यांना पुरते.

औषधं-उपकरणांना मंजुरी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट बजावलं: त्वचेला न टोचता साखर मोजणारं एकही घड्याळ किंवा अंगठी आम्ही मंजूर केलेली नाही, वापरू नका, चुकीच्या आकड्यावर इन्सुलिन घेतलं तर काही तासांत जीवावर बेतू शकतं. हा इशारा खान्देशातल्या किती जणांनी ऐकला? आणि ‘पुढच्या वर्षी शुगर येतेय’ हे किती जणांनी? ज्या मोबाइलवर दुसरं वाक्य पोचलं त्याच मोबाइलवर पहिलंही पोचू शकलं असतं. ते पोचवण्यात पैसे नव्हते, इतकंच.

कुणी म्हणेल, आशेवर थांबणाऱ्यालाच फळ मिळतं, अमळनेर बघा. १९४५ मध्ये तिथे वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, तो काढणारी कंपनीच पुढे विप्रो झाली, आणि ज्या घरांनी जुने शेअर विकले नाहीत ती कोट्यधीश झाली. दाखला जोरदार आहे, पण तो माझ्या बाजूचा आहे. तुपाची कंपनी पुढे संगणक काढेल असं भाकीत १९४५ साली कुणी केलं नव्हतं. आयबीएम ही अमेरिकी संगणक कंपनी भारतातून जाईल आणि जागा मोकळी होईल, हेही कुणी वर्तवलं नव्हतं. त्या घरांनी हातात असलेला कागद जपला, त्यावर लाभांश आणि बोनस घेतला. न छापलेल्या शेअरची वाट पाहत ती मंडळी बसली नव्हती.

माझी मागणी अगदी माफक आहे. बंदी नको, कायदाही नको, पोरांच्या गप्पा तर मुळीच थांबायला नकोत. पण जो माणूस लाखभर लोकांना पुढच्या सप्टेंबराची बातमी देतो त्याने आधी मागच्या सप्टेंबराची द्यावी: मी काय सांगितलं होतं, काय आलं, काय नाही. आजाराशी संबंधित काही सांगायचं असेल तर ते कुणी मंजूर केलंय की नाही हे पहिल्या वाक्यात यावं, शेवटच्या नाही. अहिराणीत आज गाण्यांचे, नकलांचे व्हिडिओ असे चालतात की पुण्या-मुंबईच्या वाहिन्यांनी हेवा करावा. त्यातल्याच एखाद्या पठ्ठ्याने ‘गेल्या सालच्या लीकचं काय झायं’ असा एक व्हिडिओ दर दिवाळीला काढावा, केळ्याला घड्याळ बांधून दाखवावं. मी तो पूर्ण बघेन, मधली जाहिरात न टाळता.